समुद्राच्या तळची सुसरतोंडी वाम



आमचे मेडशी गाव समुद्रापासून फार लांब आहे. सरळ रेषेत मोजले तरी अंतर चारशे किलोमीटरांहून अधिकच भरेल. अकोल्याहून वाशिमकडे येणारी सडक पातूरचा घाट चढून वर आली की आमचा मुलूख लागतो. आमच्या गावात आयुष्यभर समुद्र न पाहिलेली माणसे पुष्कळ आहेत. अशा गावच्या शाळामास्तराने खोल समुद्रातल्या माशावर बोलावे, हे आपणांस थोडे नवलाचे वाटेल. परंतु त्याला एक कारण घडले. ते कारण म्हणजे माझीच एक जुनी चूक आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

वाशिम जिल्हा १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झाला. त्याच्या पुढच्या वर्षी-दोन वर्षांतली ही गोष्ट. वर्गात मी समुद्राचा धडा शिकवीत होतो. सांगता सांगता मी म्हणालो, "मुलांनो, समुद्र जसजसा खोल जातो तसतसा उजेड कमी होतो. उजेड नाही म्हणजे वनस्पती नाही, वनस्पती नाही म्हणजे अन्न नाही. तेव्हा अगदी तळाशी जीव राहू शकत नाही." पुस्तकात असे लिहिलेले नव्हते. ती भर माझी होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, आमच्या इहिरीच्या तळाले अंधारच असते. तरी तिथं बेडूक असते, मासोळ्या असते. थे काय खाते मंग?"

वर्ग हसला. मला वाटले, पोरगा चेष्टा करतो आहे. "विहीर आणि समुद्र एक नव्हे, खाली बैस," असे म्हणून मी त्याला बसविले. तो बसला, आणि पुढे वर्षभर त्याने प्रश्न म्हणून विचारला नाही. हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आले नाही.

आता त्या मुलाचा प्रश्न बाजूला ठेवून जरा इतिहास पाहू. माझी जी चूक झाली ती एके काळी मोठ्या विद्वानांचीही झालेली होती, एवढाच माझा बचाव. एडवर्ड फोर्ब्झ नावाच्या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८४१-४२ साली ग्रीसजवळच्या एजियन समुद्राचा तळ जाळ्याने खरवडून पाहिला. जितके खोल जावे तितके प्राणी कमी सापडले. त्यावरून त्याने अनुमान काढले की, तीनशे फॅदमच्या खाली जीवसृष्टी नसावी. फॅदम म्हणजे सहा फूट. आपल्याकडे विहिरीची खोली परसाने मोजतात. फॅदम हा जवळजवळ आपला परसच समजा. तीनशे परस म्हणजे अठराशे फूट. आपल्या भागातली चाळीस फुटांची विहीर घ्या आणि अशा पंचेचाळीस विहिरी एकीखाली एक रचा, म्हणजे फोर्ब्झची ती निर्जीव मानलेली रेषा येते.

ती रेषा फार काळ टिकली नाही. १८६० साली भूमध्य समुद्रात तुटलेली तारायंत्राची केबल दुरुस्तीसाठी वर ओढली, तर हजार फॅदमांहून खोल राहिलेल्या तिच्या भागावर जिवंत पोवळ्यासारखे प्राणी चिकटलेले निघाले. ते तिथेच वाढले होते, वरून जाऊन चिकटलेले नव्हते. पुढे १८७२ ते १८७६ या वर्षांत 'चॅलेंजर' जहाजाने जगाचे समुद्र धुंडाळले आणि शंकेला जागाच उरली नाही. म्हणजे मी वर्गात जे सांगितले ते सव्वाशे वर्षांपूर्वीच खोटे ठरले होते. खेड्यातल्या मास्तरापर्यंत ती बातमी पोहोचायला उशीर झाला, असे म्हणून मी अंग काढून घेऊ शकतो. पण त्या पोराने तर कोणतेच पुस्तक वाचले नव्हते. त्याने फक्त विहिरीत वाकून पाहिले होते.

आणि पाहा, त्याच्या विहिरीतच उत्तरही होते. विहिरीच्या तळाला बेडूक काय खातो? वरून पडलेले खातो. काठावरच्या झाडाचा पाला पडतो, किडे पडतात, बादलीबरोबर चार दाणे जातात. समुद्रातही असेच आहे. उन्हाच्या थरात वाढलेले सूक्ष्म जीव मरतात, त्यांची विष्ठा, त्यांचे अवशेष, भुरभूर खाली झिरपत राहतात. शास्त्रज्ञ त्याला समुद्रातले हिम म्हणतात. खाली पोहोचेपर्यंत त्यातले बहुतेक वाटेतच खाल्ले जाते, तळाशी थोडेच उरते. त्या थोड्यावर कृमी, खेकडे, कोळंबी जगतात, आणि त्यांच्यावर मासे.

आता माशाकडे येऊ. आमच्या आठवडी बाजारात भोई लोक टोपलीत घेऊन बसतात ती 'वाम' किंवा 'बाम' आपण सर्वांनी पाहिली आहे. लांब, सापासारखी, तपकिरी अंगावर नक्षी. गंमत अशी की, शास्त्राच्या हिशेबाने ही खरी वामच नव्हे. तिच्या पाठीवर बोट उलटे फिरविले तर सुटे सुटे काटे टोचतात. भोयाला हे पक्के ठाऊक असते, म्हणून तो तिला जपून धरतो. खऱ्या वामीला असे काटे नसतात. तिच्या पाठीचा पर, शेपटी आणि खालचा पर हे मिळून एकच सलग झालर असते, आणि पोटाचे पर तिला नसतातच. अशा खऱ्या वामींच्या जगात सुमारे एक हजार जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक समुद्रात राहतात. मुंबई-कोकणात कोळी जिला वाम म्हणतात ती खरी. सह्याद्रीतल्या नद्यांत 'अहीर' म्हणून जी सापडते तीही खरी. दोन लांबट मासे एकाच नावाने विकले जातात म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत. सापाचा तर येथे काहीच संबंध नाही. वाम कल्ल्यांनी श्वास घेते, ती मासाच. हे मुद्दाम सांगतो, कारण ओढ्याकाठी अशी एखादी दिसली की आपल्याकडे काठी आधी उचलली जाते आणि विचार मागून येतो.

अहीर वाढते नदीत, पण अंडी घालायला समुद्रात जाते. खऱ्या वामींची पिले आईबापांसारखी दिसत नाहीत. ती काचेसारखी पारदर्शक आणि झाडाच्या पानासारखी चपटी असतात. इतकी निराळी, की युरोपात १८५६ साली अशा एका पिलाला स्वतंत्र मासा समजून निराळे नाव दिले गेले होते. १८९० नंतरच्या दशकात ग्रासी आणि कालांद्रुच्चो या दोघा इटालियन संशोधकांनी त्या पानाची वाम होताना प्रत्यक्ष पाहिली, तेव्हा उलगडा झाला. खोल समुद्रातल्या वामींची पिलेही अशीच पानासारखी. ती वरच्या थरात तरंगत वाढतात आणि रूप पालटले की खाली उतरतात.

येथे आमच्या घाटाविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आमचा जिल्हा पाण्याच्या वाटणीवर बसला आहे. घाटाच्या उत्तर अंगाला पडलेला पाऊस पूर्णेला मिळतो, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. दक्षिणेला वाशिमच्या बाजूचा पाऊस पैनगंगेत जातो, तेथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी, आणि शेवटी बंगालचा उपसागर. एकाच ढगातले दोन थेंब दोन निराळ्या समुद्रांना जातात. मुलांना नकाशावर बोटाने ही वाट दाखवा, त्यांना फार आवडते. मला हे सांगायचे अशासाठी की, ज्या माशाची आज ओळख करून द्यायची आहे तो या दोन्ही समुद्रांत राहतो.

त्याचे शास्त्रीय नाव 'गॅव्हिअलिसेप्स टेनिओला'. जीभ अडखळते, पण नाव फोडून पाहिले की आपल्याच घरचे निघते. लांब चोचीसारख्या तोंडाची जी सुसर, तिला हिंदीत घडियाल म्हणतात. नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा गोळा येतो म्हणून घडियाल. युरोपीय लेखणीतून उतरता उतरता त्या घडियालचे 'गॅव्हिअल' झाले. 'सेप्स' म्हणजे डोक्याची, आणि 'टेनिओला' म्हणजे लहानशी फीत. सुसरीच्या डोक्याची फीत! कुंभाराचा घडा नदीत गेला, तेथून लॅटिनमध्ये, आणि लॅटिनमधून समुद्राच्या तळाला. मी आपला तिला सुसरतोंडी वाम म्हणतो. हे माझे घरगुती नाव आहे, विद्वानांनी रागावू नये.

तिचे वर्णन १८८९ साली प्रसिद्ध झाले. त्यामागची हकिकत अशी. हिंदुस्थानच्या किनाऱ्यांची मोजणी करण्यासाठी सरकारचे 'इन्व्हेस्टिगेटर' नावाचे जहाज होते. लाकडी बांधणीचे, वाफेवर चाके फिरवून चालणारे हे जहाज मुंबईच्या गोदीत बांधून १८८१ साली पाण्यात सोडले. त्याचे मुख्य काम नकाशे करण्याचे. परंतु त्यावर एक डॉक्टर नेमलेला असे, आणि रोग्यांची सेवा करून उरलेल्या वेळात त्याने समुद्रातले प्राणी गोळा करावेत अशी योजना होती. १८८८ ते १८९२ या काळात हे काम आल्फ्रेड अल्कॉक यांच्याकडे होते. तारेच्या दोराला जाळे बांधून शेकडो परस खाली सोडायचे, तळावरून ओढायचे आणि पुन्हा वर घ्यायचे. एका खेपेला तासच्या तास जात. बरेचदा वर यायचा तो नुसता चिखल. त्या चिखलात हात घालून अल्कॉक यांनी जे वेचले त्यात वामींच्या कितीतरी जाती होत्या. कोणाचे डोके बेडकासारखे, कोणाचे बैलासारखे, आणि तशीच नावे त्यांनी दिली. नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेले. पुढे त्या संग्रहाची जी चित्रे छापली गेली त्यांतली पुष्कळशी भारतीय चित्रकारांच्या हातची आहेत. अल्कॉक यांनी १९०२ साली या सफरींवर एक पुस्तकही लिहिले. डॉक्टरने फावल्या वेळात केलेले काम आज सव्वाशे वर्षांनीही आधाराला घेतात. आमच्या मास्तरमंडळींच्या फावल्या वेळाचे काय होते, ते मी येथे काढीत नाही.

सुसरतोंडी वाम साधारण हात-दीड हात लांब. शेपटीकडे निमुळती होत होत अखेर दोऱ्यासारखी होते. जबडे लांब, अरुंद, बारीक दातांनी भरलेले. सुसर आपले चिंचोळे तोंड पाण्यात झटकन आडवे फिरविते, कारण अरुंद तोंडाला पाणी अडत नाही. नदीतली सुसर आणि खोल पाण्यातली वाम यांचे नाते काही नाही, तरी दोघींच्या तोंडाची घडण अशी जुळून यावी, हे मला मोठे विचार करण्यासारखे वाटते.

ती राहते तेथली परिस्थिती कशी आहे? पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पाचशे मीटरांवर वरच्या हवेच्या पन्नासपटींहून अधिक दाब असतो. माशाच्या अंगातही पाणीच असल्यामुळे त्याला तो चिरडत नाही. अडचण होते ती वर ओढल्यावर. ज्यांच्या पोटात हवेची पिशवी असते असे मासे फुगून, डोळे बाहेर येऊन वर येतात. अरबी समुद्राचे पृष्ठभागावरचे पाणी आपल्या अंगाला कोमट लागते. पाचशे मीटरांवर ते बारा अंशांच्या आसपास येते. उन्हाचा उपयोगी प्रकाश दोनशे मीटरांपर्यंतच, आणि हजारांच्या खाली पूर्ण काळोख.

याहून कठीण गोष्ट हवेची. जुन्या, पुष्कळ दिवस न उपसलेल्या विहिरीत उतरण्यापूर्वी शहाणा माणूस दोराला कंदील बांधून खाली सोडतो. कंदील विझला तर कोणी उतरत नाही. अरबी समुद्रात साधारण दोनशे ते हजार मीटरांच्या दरम्यान असाच एक प्रचंड थर आहे. वरून पडणारा कचरा कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो, आणि ताजे पाणी तेथे फार हळू पोहोचते. जगातल्या अशा सर्वांत मोठ्या थरांपैकी हा एक आहे. आपला कंदील जेथे विझेल तेथे ही वाम आणि तिचे सोबती संसार करतात. थंडीत शरीराचा व्यवहार मंद चालतो, त्यामुळे थोड्या प्राणवायूत भागते. धावपळ करणाऱ्याचे ते ठिकाण नव्हे.

आता त्या मुलाकडे परत येतो. तो शाळा सोडून ड्रायव्हर झाला. ट्रक घेऊन कर्नाटक, केरळ अशा खेपा करतो. कोंबड्यांच्या खाद्यात मासळीची भुकटी घालतात, हे आपल्यापैकी पोल्ट्री असणारांना ठाऊक आहे. मंगळूर, मालपे या किनाऱ्यावर त्या भुकटीचे कारखाने आहेत. भुकटीत मुख्यतः तारलीसारखी स्वस्त मासळी असते, पण ट्रॉलरच्या जाळ्यात नको असताना आलेला मिसळ मालही तिकडेच जातो. मागच्या उन्हाळ्यात माल भरायला वेळ लागला म्हणून हा केरळातल्या एका बंदरावर दोन-तीन दिवस अडकून पडला. खोल पाण्यातली लाल कोळंबी धरणारे ट्रॉलर तेथे लागत होते. कोळंबी निवडून घेतली आणि बाकीचा ढीग धक्क्यावर एका बाजूला लोटला. त्या ढिगात याला चोचीच्या तोंडाची, दोऱ्याच्या शेपटीची एक वस्तू दिसली. त्याने विचारले, किती खोलवरची? खलाशाने हाताने खुणा करून आणि आकडा लिहून सांगितले. याने ती मिठात घातली, लोणच्याच्या बरणीत भरली आणि थेट माझ्या घरी आणली.

ओट्यावर बरणी ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, तीनशे मीटरच्याही खालची हाय म्हन्ते. म्या मुद्दाम विचारलं. तवा तुमी मले खाली बसवलं होतं, आता उभं राहू काय?"

तो हसत होता. मला मात्र हसू आले नाही. पंचवीस वर्षे ते वाक्य त्याने जपून ठेवले होते. मी म्हणालो, "अरे बाबू, चूक माझी होती. तू बरोबर होतास." यावर तो म्हणाला, "थे मले तवाच ठाऊक होतं," आणि चहा पिऊ लागला.

बरणीतल्या त्या वस्तूचे नाव मला अर्थातच येत नव्हते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्याला दाखविली. त्यांनी जबडा पाहिला, शेपटी पाहिली, पुस्तके काढली, आणि सुसरतोंडी वामीच्या कुळात तिला बसविले. त्यांनीच मला आणखी एक गोष्ट सांगितली. केरळच्या कोल्लमसमोरच्या खोल पाण्यात कोळंबीसाठी ट्रॉलर जाऊ लागले ते सुमारे २००० सालापासून. तेव्हापासून बंदरावरच्या अशाच टाकाऊ ढिगांतून शास्त्राला अनोळखी असलेल्या वामींच्या जाती निघत आल्या आहेत. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोसारख्या संस्थांतली मंडळी धक्क्यावर जाऊन ढीग निवडतात. 'सागर संपदा' हे संशोधनाचे जहाज १९८४ पासून खोल समुद्राची पाहणी करीत आले, पण धक्क्यावरचा ढीग हीदेखील एक प्रयोगशाळाच झाली आहे.

मला यात आनंद वाटतो तसा एक सलही वाटतो. ज्या जातीला अजून नाव मिळालेले नाही ती पोत्यात भरून भुकटी होऊन जात असेल, आणि आमच्या गावच्या कोंबडीने ती खाल्लीही असेल. थंड, अन्नाची टंचाई असलेल्या पाण्यातले प्राणी सामान्यतः सावकाश वाढतात. पोळ्याला कापलेले गवत पुढच्या पावसाळ्यात उगवते, तसे तेथे होत नाही. तळ खरवडणारे जाळे एकदा फिरले की ती जागा पूर्ववत व्हायला फार काळ लागतो. ट्रॉलरवाल्याला दोष देऊन भागत नाही. त्याला कोळंबीचा भाव मिळतो, ढिगाला भुकटीवाला भाव देतो, आणि भुकटीचा भाव अखेर आपणच मोजतो. समुद्र आपल्यापासून लांब आहे असे मी सुरुवातीस म्हणालो, ते अंतर या वाटेने पाहिले तर पोत्याच्या शिवणीएवढेच राहते.

बरणी आता शाळेत आहे. पहिल्या पावसाळ्यात मिठाला पाणी सुटले, तेव्हा त्या स्नेह्यांच्या सल्ल्याने मीठ धुऊन स्पिरिट घातले. शेजारच्या बरणीत आमच्या बाजारातली काट्याची बाम ठेवली आहे. मुलांना मी आधी काहीच सांगत नाही. दोन्ही बरण्या बाकावर ठेवतो आणि फरक तुम्हीच काढा म्हणतो. काटे त्यांना लवकर सापडतात; पोटाच्या परांवर मात्र जोरात वाद होतो, कारण ते दोघींनाही नाहीत. आसपासच्या शाळांतल्या गुरुजनांना बरण्या न्यावयाच्या असतील त्यांनी खुशाल न्याव्यात. झाकण घट्ट लावावे आणि आठ दिवसांत परत आणाव्यात. ड्रायव्हरसाहेब खेपेवरून परतले की आधी शाळेत येऊन आपली बरणी जागेवर आहे की नाही ते पाहतात.